दोन खोल्या, एक केसपेपर

सरकारी रुग्णालयात एचआयव्ही समुपदेशनाच्या टेबलामागे मी बारा वर्षं बसले. त्या वर्षांतली एक बाई मला विसरता येत नाही. वय चाळिशीच्या अलीकडचं, नवरा याच आजारानं गेलेला. दर महिन्याला एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या न्यायला यायची आणि मी मागायच्या आत पिशवीतून रिकामी डबी काढून टेबलावर ठेवायची. सहा वर्षांत तिनं एक डोस चुकवला नव्हता. एके दिवशी बाकावर बसताना ती कळवळली. मी दार लोटून घेतलं आणि विचारलं. दीड वर्षापासून अंगावरून जात होतं, वास येत होता, ओटीपोटात दुखायचं, मधूनच रक्त दिसायचं. मी म्हटलं, “अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत?” ती म्हणाली, “तुम्ही कधी विचारलंच नाही, ताई. अन् ते खालच्या खोलीत बघतात ना?”

खालची खोली म्हणजे त्वचा व गुप्तरोग विभाग. आमची खोली पहिल्या मजल्यावर, मध्ये एक जिना. वर वेगळा केसपेपर, खाली वेगळा. वेगळं रजिस्टर, महिन्याचा वेगळा अहवाल, वेगळे साहेब. ज्या वाटेनं तिला एचआयव्ही झाला, त्याच वाटेनं येणारे बाकीचे आजार बघणं हे आपलं काम नाही, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. तीही तसंच धरून चालली होती.

मला या लेखात एकच गोष्ट मांडायची आहे. एचआयव्ही आणि लैंगिक संबंधांतून होणारे इतर संसर्ग शरीरात एकमेकांच्या आधारानं वाढतात, आणि आपण त्यांची तपासणी दोन खोल्यांत वाटून टाकली आहे. ही वाटणी आपल्या लाजेतून झाली आणि पुढे सरकारी रकान्यांनी ती पक्की केली. ती मोडायला हवी. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. एआरटी केंद्रात प्रत्येक भेटीला चार प्रश्न विचारायचे आणि गुप्तरोगाच्या ओपीडीत येणाऱ्या प्रत्येकाची एचआयव्ही तपासणी तिथंच, त्याच दिवशी करायची, एवढ्यानं सुरुवात होते.

महाराष्ट्राला तरी हा विषय नवा वाटायला नको. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गडचिरोलीतला अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन गावांतल्या ६५० बायकांची रीतसर तपासणी त्यांनी केली होती. ९२ टक्के बायकांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. सरासरी काढली तर एकेकीला ३.६ आजार होते. त्यातला जवळजवळ निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गांचा होता. त्याआधी आयुष्यात कधी अशी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के होत्या. सगळीकडे ९२ चा आकडा सांगितला जातो. मी मात्र दुसऱ्याच आकड्यापाशी थांबते: या ६५० पैकी ४५ टक्के बायकांची काहीही तक्रार नव्हती.

तक्रार नसण्याची दोन कारणं असतात आणि दोन्ही मी टेबलापलीकडे पाहिली आहेत. एक शरीराचं. क्लॅमिडिया या जिवाणूचा संसर्ग झालेल्या बहुतेक बायकांना आणि परमा (गोनोरिया) झालेल्या बऱ्याच बायकांना काहीच जाणवत नाही, संसर्ग आतल्या आत वर सरकत जातो. दुसरं कारण सवयीचं. ‘पांढरं तर सगळ्यांनाच जातं’ असं आईनं, सासूनं, जावेनं सांगितलेलं असतं. मग जे जातंय त्याचा रंग बदलला, वास बदलला, तरी त्याला आजार म्हणायचं बाईच्या मनात येत नाही. आणि आलंच, तर ती जाते कुठे? बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीचा खाडा परवडत नाही, उचल फेडायची असते, हे एक कारण. पण अंगावरून जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालून थेट पिशवी काढायला लावणं, हेही त्यात होतं. ज्या तक्रारीवर पुष्कळदा गोळ्यांचं एक पाकीट पुरतं, तिच्यासाठी तिशीतल्या बाईचं पोट उघडलं गेलं. मी या आकड्यांकडे शांतपणे बघू शकत नाही.

आता पुण्याकडे येते. भोसरीत १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, आपण तिला ‘नारी’ म्हणतो, सुरू झाली. तिथल्या संशोधकांनी मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग ओपीडीत येणाऱ्या ९१६ बायकांची माहिती गोळा केली. १९९७ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात हा अभ्यास आला. पहिले लेखक होते डॉ. रमण गंगाखेडकर, कोविडच्या काळात दिल्लीच्या पत्रकार परिषदांत जे आपल्याला रोज दिसायचे तेच. त्या ९१६ पैकी ५२५ बायका वेश्याव्यवसायात होत्या आणि त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण ४९.९ टक्के होतं. उरलेल्या ३९१ बायका या व्यवसायातल्या नव्हत्या. बहुतेक लग्न झालेल्या, नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध नसलेल्या. त्यांच्यात प्रमाण निघालं १३.६ टक्के. सातांत एक म्हणा.

त्या काळी एचआयव्ही म्हणजे बुधवार पेठ आणि ट्रकचा धाबा एवढंच समीकरण लोकांच्या डोक्यात होतं. हा आकडा त्या समीकरणाच्या बाहेरचा होता. त्या बायका एचआयव्हीची तपासणी करायला आल्याच नव्हत्या. कुणाला खाली व्रण होता, कुणाला अंगावरून जात होतं, म्हणून त्या आल्या. त्या ओपीडीत रक्त तपासायची सोय नसती, तर मलम आणि गोळ्या घेऊन घरी गेल्या असत्या. एचआयव्ही सापडला तो गुप्तरोगाच्या दारात. आणि ज्या निगेटिव्ह निघाल्या, त्यांच्याबद्दलही त्या व्रणानं एक गोष्ट सांगितलीच होती: घरात संसर्ग येण्याची वाट उघडी आहे. एचआयव्ही टाळण्यासाठी ज्या माणसाला आज गाठायला हवं, तो याच ओपीडीच्या रांगेत उभा असतो.

वाट उघडी म्हणजे काय, हे जरा शरीरात शिरून बघू. शाबूत त्वचेतून आणि धड असलेल्या अस्तरातून विषाणूला आत जाणं सोपं नसतं. गरमी, म्हणजे सिफिलिस, झाला की तिथे एक व्रण होतो. तो दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही, बाईच्या बाबतीत तर आत असल्यानं दिसतही नाही. तिथे दार उघडंच असतं. पण व्रण नसला, नुसती सूज असली तरी पुरतं. संसर्गाशी लढायला शरीर त्या जागी ज्या पेशी धाडतं, त्यांत सीडीफोर पेशी असतात, आणि एचआयव्हीला शिरायला नेमक्या त्याच लागतात. रक्षणाला धावून आलेल्या पेशीच विषाणूच्या तावडीत सापडतात. निरोगी योनीत, दूध विरजणाऱ्या जिवाणूंच्या कुळातलेच जिवाणू आम्लता राखून असतात. ते कमी झाले, समतोल बिघडला, तरी एचआयव्ही लागण्याचा धोका वाढतो.

जननेंद्रियांवरच्या हर्पीसचं याहून बिकट. (पुष्कळ जण त्याला नागीण म्हणतात, पण कमरेवर, पाठीवर उठणारी नागीण वेगळ्या विषाणूची.) हर्पीस एकदा शिरला की जन्मभर राहतो, मधूनमधून फोड येतात आणि जातात. ज्याला हा संसर्ग आहे त्याला एचआयव्ही लागण्याचा धोका अंदाजे तिप्पट धरला जातो. फोड बरा झाल्यावर, कातडी नव्यासारखी दिसायला लागल्यावरही त्या जागी सीडीफोर पेशींचा जमाव कित्येक आठवडे हटत नाही, असं पुढे दिसून आलं. पेशंट म्हणतो बरं झालं, डॉक्टर म्हणतात बरं झालं, आणि आत अजून सगळं जागं असतं.

दुसऱ्या बाजूनं, ज्याला आधीच एचआयव्ही आहे त्याच्याकडून तो पुढे जाण्याचं काय? मलावीतल्या लिलाँग्वेमधला १९९७ चा अभ्यास मी प्रशिक्षणात नव्या समुपदेशकांना नेहमी सांगायचे, कारण तो डोळ्यांपुढे उभा राहतो. एचआयव्ही असलेले पुरुष, काहींना मूत्रमार्गाचा दाह, काहींना नाही. दाह असलेल्यांच्या वीर्यात विषाणूचं प्रमाण आठपट निघालं. दोघांच्या रक्तातलं प्रमाण मात्र सारखंच होतं. मग दाहावर साधे प्रतिजैविकांचे उपचार केले, एचआयव्हीचं औषध एकही दिलं नाही. दोन आठवड्यांत वीर्यातला विषाणू ठळकपणे उतरला.

आणि एचआयव्ही या बाकीच्या आजारांना मोकळं रान देतो. प्रतिकारशक्ती उतरलेल्या माणसात हर्पीसचे व्रण आठवडेच्या आठवडे भरत नाहीत. सिफिलिस डोळ्यांपर्यंत, मेंदूपर्यंत लवकर पोचू शकतो. त्याच्या उपचारानंतर व्हीडीआरएलचा, म्हणजे सिफिलिसच्या रक्ततपासणीचा, आकडा उतरतोय का, १:३२ चा १:८ झाला का, हे महिनोन्‌महिने बघावं लागतं. तो रिपोर्ट खालच्या खोलीत आणि पेशंट वरच्या खोलीत, असं असेल तर ते बघणार कोण? हिपॅटायटिस बीचं तर अगदी हातघाईचं. एआरटीतलं टेनोफोविर हे औषध एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी दोघांनाही दाबून ठेवतं. पेशंटला बी आहे हे न तपासता कुणी उपचार बदलताना टेनोफोविर काढलं, तर यकृताचा आजार एकदम उसळू शकतो.

सुरुवातीला सांगितलेल्या बाईकडे मला इथे परत यायचं आहे. तिला मी स्वतः हात धरून जिना उतरवलं. तिथून स्त्रीरोग विभाग, तिथून तुकडा काढून तपासणी. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता आणि तो बराच पुढे गेलेला होता. हा कर्करोग एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, तोही लैंगिक संबंधांतूनच येतो. निरोगी बाईचं शरीर बहुतेक वेळा त्याला दोनेक वर्षांत घालवून देतं. एचआयव्ही असलेल्या बाईला ते पुष्कळदा जमत नाही, म्हणून तिला हा कर्करोग होण्याचा धोका सहापट असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं म्हणूनच सांगितलंय की इतर बायकांची तपासणी तिशीपासून करा, एचआयव्ही असलेल्यांची पंचविशीपासून आणि जास्त वेळा. व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावून मुखावर पांढरा डाग उमटतो का बघण्याच्या साध्या तपासणीला काही मिनिटं लागतात. ही बाई सहा वर्षांत सत्तरेक वेळा रुग्णालयात आली होती. तिच्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या एचआयव्हीच्या प्रमाणाच्या, रिपोर्टवर ‘विषाणू आढळला नाही’ असं यायचं आणि मी तिचं कौतुक करायचे.

आता एक अवघड गोष्ट. गुप्तरोगांवर उपचार केले की एचआयव्ही थांबतो, असं आम्ही एकेकाळी छातीठोकपणे सांगायचो. त्याला आधार होता टांझानियातल्या म्वांझाचा. १९९१ ते १९९४ दरम्यान तिथल्या सहा वस्त्यांमध्ये आरोग्य केंद्रांतले गुप्तरोगांचे उपचार सुधारले, दुसऱ्या सहा वस्त्या तुलनेला ठेवल्या. दोन वर्षांत नव्या लागणीचं प्रमाण सुधारलेल्या वस्त्यांत १.२ टक्के, उरलेल्यांत १.९ टक्के. जवळपास ४० टक्के घट. त्यावर जगभर कार्यक्रम उभे राहिले. पण शेजारच्या युगांडातल्या राकाईत दर दहा महिन्यांनी अख्ख्या गावांना सरसकट गोळ्या दिल्या, आणि एचआयव्हीच्या लागणीत काही फरक पडला नाही. पुढे हर्पीसवर रोज गोळी देण्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या. व्रण कमी झाले, एचआयव्ही कमी झाला नाही.

यावर दोन टोकाची मतं मी ऐकली आहेत. एक म्हणजे राकाईचं नावच काढायचं नाही, कारण निधी जाईल. दुसरं म्हणजे, मग गुप्तरोगांवर पैसे कशाला घालवायचे. दोन्ही मला पटत नाहीत. म्वांझात साथ तुलनेनं कोवळी होती आणि केंद्र रोज उघडं होतं: ज्याला त्रास झाला तो त्याच आठवड्यात आला, बरा झाला. राकाईत साथ मुरलेली होती आणि गोळ्यांच्या दोन फेऱ्यांत दहा महिने जायचे. त्या दहा महिन्यांत परमा पुन्हा लागायला कितीसा वेळ लागतो? हर्पीसचा फोड गेला तरी आतला पेशींचा जमाव हलत नाही, हे वर सांगितलंच. म्हणजे मोहीम काढून, लस टोचल्यासारखं एकदा वाटून हे काम होत नाही. ते रोजच्या ओपीडीचं काम आहे. आणि मला याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की गुप्तरोगाचा उपचार एचआयव्ही थांबतो म्हणून करायचा, ही मांडणीच मुळात चुकली. ज्या बाईच्या ओटीपोटात दुखतंय तिचं दुखणं थांबावं, तिला मूल होण्याची वाट बंद होऊ नये, तिला कर्करोग होऊ नये, यासाठी तो करायचा. एचआयव्हीला आळा बसला तर तो वरचा लाभ.

हे आज जास्त निकडीचं झालंय, कारण एचआयव्हीच्या बाजूनं खरोखर मोठी गोष्ट घडली आहे. भारतात १ एप्रिल २००४ पासून एआरटी मोफत मिळू लागली. एचपीटीएन ०५२ या चाचणीत नऊ देशांतली, एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही अशी १,७६३ जोडपी होती, त्यांत आपल्या पुण्याचीही. २०११ मध्ये तिचा निष्कर्ष आला: लवकर उपचार सुरू केले तर जोडीदाराला लागण होणं ९६ टक्क्यांनी घटतं. नंतर युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासात व्हायरल लोड दबलेला असताना एकाही जोडीदाराला त्या माणसाकडून लागण झाली नाही, त्यातल्या काहींना दुसरे लैंगिक संसर्ग असूनसुद्धा. ही बातमी प्रत्येक पॉझिटिव्ह माणसापर्यंत पोचली पाहिजे. मी स्वतः ती शेकडो वेळा सांगितली आहे आणि समोरच्याचे खांदे सैल होताना पाहिले आहेत.

पण यातूनच एक युक्तिवाद निघतो: विषाणू दबला की बाकीच्या संसर्गांनी काय बिघडतं? माझं उत्तर त्या बाईच्या तुकड्याच्या रिपोर्टात आहे. शिवाय व्हायरल लोड दबलेल्या माणसाकडून एचआयव्ही जात नाही, सिफिलिस जातो. आणि जो अजून तपासलाच गेला नाही, ज्याच्या गोळ्या मध्येच सुटल्या, त्याच्या बाबतीत मलावीचा धडा आजही तसाच लागू आहे. देशात सुमारे २५ लाख माणसं एचआयव्हीसह जगताहेत आणि संख्येनं महाराष्ट्र सर्वांत पुढे आहे. त्यांना आम्ही दीर्घायुष्य मिळवून दिलं. ते आयुष्य इतर आजारांपासून राखायचं काम त्यातच येतं.

व्यवस्थेनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. गुप्तरोगांच्या सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मधली औषधांची रंगीत किटं ही मला आजही मोठी गोष्ट वाटते. लक्षण बघून किट द्यायचं, रिपोर्टची वाट बघायची नाही. मूत्रमार्गातून पू जातोय, करडं किट. अंगावरून जातंय, हिरवं. व्रण आहे, पांढरं. हर्पीस, लाल. ओटीपोटात दुखतंय, पिवळं. जांघेत गाठ, काळं. लिहितावाचता न येणारी बाई “मला मागल्या टायमाला हिरवं दिलं होतं” असं नेमकं सांगायची. ज्या गावात प्रयोगशाळा नाही तिथे या खोक्यांनी कितीतरी जणींच्या पिशव्या वाचवल्या असतील. पण या पद्धतीची मर्यादा तिच्या पायातच आहे: लक्षण असेल तर किट. गडचिरोलीतल्या त्या ४५ टक्के बायकांना ती कोणतं खोकं देणार? पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना आणि तृतीयपंथीयांना गुदद्वारात, घशात संसर्ग असतो, तोही बहुधा मुका. आणि नवऱ्याचं किट? दोघांनी एकाच वेळी घेतलं तर उपयोग. बायको खोकं घेऊन घरी जाते, नवऱ्याला सांगायची हिंमत होत नाही, ते खोकं डाळीच्या डब्यामागे पडून राहतं आणि दोन महिन्यांनी ती पुन्हा तीच तक्रार घेऊन येते.

नवरा तोवर मेडिकलवाल्याकडून सिप्रो या प्रतिजैविकाची पट्टी घेऊन मोकळा झालेला असतो, जिला परमा आता दाद देत नाही. किंवा एसटी स्टँडच्या मुतारीत चिकटवलेल्या ‘गुप्तरोग, हमखास इलाज’च्या पत्रकावरचा नंबर त्यानं फिरवलेला असतो. ती पत्रकं पन्नास वर्षं टिकून आहेत, कारण ती नाव विचारत नाहीत. सरकारी दवाखान्यात पहिला प्रश्न नाव, दुसरा आधार आणि तिसरा, चार माणसांत, मोठ्यानं, “काय होतंय?”

क्षयरोगाच्या बाबतीत आम्ही हे करून दाखवलं आहे, म्हणूनच मला ते अशक्य वाटत नाही. एकेकाळी टीबी आणि एचआयव्हीच्याही खोल्या वेगळ्या होत्या. आज एआरटी केंद्रात प्रत्येक भेटीला चार प्रश्न विचारलेच जातात: खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलंय का, रात्री घाम येतो का. ते केसपेपरवर छापलेले आहेत म्हणून विचारले जातात. तसेच दुसरे चार छापा. अंगावरून वेगळं काही जातंय का? व्रण, फोड, गाठ? लघवीला जळजळ, संबंधांच्या वेळी दुखणं किंवा रक्त? जोडीदाराला यातलं काही? सोबत वर्षातून एकदा व्हीडीआरएल, बायकांच्या गर्भाशयाच्या मुखाची तपासणी त्याच इमारतीत, त्याच दिवशी. मार्गदर्शक सूचनांमध्ये यातलं बरंचसं आधीच लिहिलेलं आहे. ते कागदावरून टेबलावर यायला हवं. गरोदर बायकांचं तर एका टोचणीत होतं, बोटाच्या एका थेंबावर एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही कळतात. पोटातल्या बाळाला सिफिलिसपासून वाचवायला आईला वेळेवर दिलेलं पेनिसिलिनचं एक स्वस्त इंजेक्शन पुरतं. त्यात कसर राहण्याला मला कुठलंच कारण दिसत नाही.

समुपदेशकांवर आधीच भार आहे, हा आक्षेप खरा आहे. मीच दिवसाला साठ साठ माणसं बघितली आहेत. पण चार प्रश्नांना दोन मिनिटं लागतात, आणि ती नाही दिली तर काय होतं ते मी पाहिलं आहे. दुसरा आक्षेप कुजबुजीत येतो: पॉझिटिव्ह माणसाला हे विचारणं म्हणजे तो अजून ‘तसलं’ करतो का असं विचारणं, त्याचा अपमान होईल. विधवेला हे कसं विचारायचं? यात आपण त्या माणसाचा मान राखत नसतो, आपली अडचण टाळत असतो. सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेच्या कामातून वेश्याव्यवसायातल्या बायकांनी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी केली. त्या बायका आपल्या शरीराबद्दल, निरोधाबद्दल, व्रणाबद्दल लाजेशिवाय बोलतात आणि एकमेकींना दवाखान्यात नेतात. समाजानं ज्यांना सर्वांत जास्त दोष दिला त्या इथे सर्वांत पुढे आहेत. घरातल्या बाईजवळ ती भाषाच नाही. ती भाषा तिला कुणीतरी आधी बोलून दाखवावी लागते.

त्या बाईच्या रिपोर्टनंतर मी ते चार प्रश्न हातानं लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवले. कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या अहवालात त्यांचा रकाना नव्हता. पहिले काही दिवस मीच अडखळत होते. मग साठीतले एक आजोबा आले, पूर्वी लांबच्या ट्रकवर असायचे, कित्येक वर्षांपासून गोळ्या चालू. मी खोकला विचारला, ताप विचारला, आणि मग पुढचं विचारलं. ते जरा वेळ गप्प राहिले. म्हणाले, “हे बी इथंच विचारता व्हय?” मग उठले, स्वतःच जाऊन दार लावून आले आणि स्टूल पुढे ओढून बसले.